उन्हात वाळत घातलेलं कार्टून

आंबा घाटातल्या प्रत्येक वळणाला एसटीत मी पायांत धरलेला प्रोजेक्टर आणखी घट्ट आवळत होतो. सोळा एमएमची जुनी कार्टून जमवायचं मला वेड, आणि रत्नागिरीत मांडवीला एक दुर्मीळ रीळ असल्याचं कानावर आलेलं. शिडीवर चढून भिंत रंगवणारं अस्वल आणि शिडी हलवणारं बदक, एवढीच गोष्ट. पण असं दणकून आपटणं आणि पुन्हा उठणं हल्लीच्या कार्टूनात सापडत नाही. ती प्रत माझ्या ओळखीच्या एकाही संग्राहकाकडे नव्हती.

ते रीळ ज्यांच्याकडे होतं त्या मयेकरांच्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पाऊल टाकलं आणि तिथेच थबकलो. चटईवर आमसुलं वाळत होती आणि शेजारी, टोकांवर दगड ठेवून, ते रीळ उलगडून पसरलेलं.

"दमट लागलं हाताला. पावसाआधी सगळं वाळवतो, तसं तेही घातलं," घरच्या सुलभावहिनी म्हणाल्या.

मी राग गिळला. फिल्म उन्हाने आक्रसून वाकडी झाली होती. वहिनींचे यजमान बोटीवर नोकरीला. रीळ त्यांनीच आणलेलं. गेल्या वर्षी ते वारले.

"न्या तुम्ही. पण एकदा मला दाखवा. ह्यांनी नुसतं सांगितलनी, मी कधी बघितलं नाही."

अशी फिल्म यंत्रात घालणं म्हणजे तिची वाट लावणं. आधी पुण्याला नेतो, सरळ झाली की आणून दाखवतो, असं मी सांगून पाहिलं.

"मग ऱ्हाऊ दे," म्हणत त्या आमसुलं परतायला बसल्या.

शेवटी मी कबूल झालो. जेवायला बांगडा आणि सोलकढी होती, पण माझा डोळा त्या वाकड्या फिल्मवरच होता.

दुपारी माजघराची दारं लावून चादर टांगली. शेजारपाजारच्या बायका जमल्या. अस्वल शिडी चढलं, बदक आलं, शिडी कलली. यंत्राच्या प्रत्येक कुरकुरीसरशी मी दचकत होतो. रंगाची बादली हवेत उडाली आणि फिल्म अडकली. दिव्याच्या आचेने बादलीला तपकिरी भोक पडलं, पसरलं आणि फिल्म तुटली. मी दिवा बंद केला. मला रडूच येणार होतं.

वहिनी उठून चादरीपुढे उभ्या राहिल्या. "आता ती बादली अस्वलाच्या डोक्यात बसते," म्हणत त्यांनी नसलेली बादली डोक्यावर ओढली, भेलकांडत दारावर आपटल्या, उठल्या, पुन्हा आपटल्या. दर रजेला यजमान त्यांना असंच करून दाखवत. बायका हसून लोळल्या. वहिनीही हसल्या, मग पदराने डोळे पुसत बसून राहिल्या.

निघताना त्यांनी तुटकं रीळ आणि आमसुलांची पुडी हातात ठेवली. परतीच्या घाटात प्रोजेक्टर धरायचं मला सुचलंही नाही.

ते रीळ मी सरळ करून घेतलं, पण तुटलं तिथे जोडलं नाही. पुण्यात मित्रांना दाखवतो तेव्हा बादलीपाशी सगळे विचारतात, पुढे काय होतं? मी दिवा बंद करतो आणि उठून चादरीपुढे उभा राहतो.