मालाला विचारा

मानेकाका मालवाहू गाडीत कधी पुढे बसत नसत. ड्रायव्हरनं कितीही अदबीनं दार उघडून धरलं तरी ते मागं वळत, चपला हातात घेत आणि चाकावर पाय देऊन हौद्यात चढत. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, अंगात कडक इस्त्रीचा बुशशर्ट. मागं खुर्च्या असोत, गोणी असोत की कापडाचे गठ्ठे, त्यावर ते मांडी ठोकून बसत आणि फळीवर दोनदा थाप मारत. म्हणजे, सोडा गाडी.

"ड्रायव्हर गाडीचं एकतर कौतुक करतो, नाहीतर गाऱ्हाणं," ते म्हणत. "माल खोटं बोलत न्हाई. मालाला विचारा."

असं बसणं कायद्यात बसत नाही, हे त्यांच्याइतकं जयपुरात कुणालाच ठाऊक नसेल. मी एकदा तसं म्हटलं, तर म्हणाले, "मला काय झालं तर क्लेम करू नका वैनी. मीच नामंजूर करीन."

जन्मभर त्यांनी तेच काम केलं होतं. विमा कंपनीच्या मोटार विभागात ते सर्व्हेअर होते. गाडी आपटली की जाऊन बघायचं, काय मोडलं आणि का मोडलं ते लिहायचं. मूळचे कराडचे. बदलीवर इकडे आले, प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं आणि काकू गेल्यावरही तिथंच राहिले. माझा नवरा त्याच कंपनीत, त्यांच्या हाताखाली तयार झालेला. म्हणून मी त्यांची वैनी. मी मात्र त्यांना काका म्हणायचे. हे नातं कुठल्याच वंशावळीत बसणारं नव्हतं, पण आम्हा दोघांचं कधी अडलं नाही. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही त्यांची मराठी कराडचीच होती. मधूनच एखादं "मतलब" तेवढं टपकायचं.

माझा धंदा कापडाचा. जयपूरजवळच्या बगरू गावच्या छीपा कारागिरांकडून ठशांची छपाई करून घ्यायची आणि मालवीय नगरच्या दुकानात विकायची. माल आणायला एक जुनी पिकअप होती, पेट्रोलवर चालणारी. त्या वर्षी दिवाळीआधी एक मोठी ऑर्डर मिळाली आणि दिवसाला दोन खेपा करायची वेळ आली. पिकअप पहिल्याच खेपेत बसकण मारायची. अजमेर रोडवरच्या पुलाचा चढ आला की दुसरा गिअर, मग पहिला, आणि मागच्या ट्रकवाल्यांचे भोंगे. ऑर्डर वेळेत गेली नाही तर ते गिऱ्हाईक पुन्हा उभं राहिलं नसतं, आणि त्याच्या भरवशावर मी चार कारागीर जास्तीचे लावून बसले होते.

गाडी चढावर धापा टाकते, हा एकच पाढा माझा ड्रायव्हर श्योजीराम रोज म्हणायचा. "भाभीजी, या तो चढ़ाई पे हाँफै छै. डीज़ल इंजन रखवा लो, फेर देखो." सांगानेरच्या एका मिस्त्रीनं भंगारात निघालेल्या गाडीचं डिझेल इंजिन हुडकूनही ठेवलं. शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला. माझं मनात ठरलंच होतं. काकांना फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे, पाठीवर थाप मिळावी म्हणून.

"इंजिन बदलताय? बदला की," ते म्हणाले. मी खूश. "पन आर.टी.ओ.ची परवानगी?"

"मिस्त्री म्हणतो, आधी बसवू. कागद होत राहतील."

मग म्हणाले, "उद्या बगरूला मी येतो."

दुसऱ्या दिवशी गठ्ठे भरून झाले. श्योजीरामनं पुढचं दार उघडलं आणि काका मागं चढले. मी पुढे बसले. पुलावर गाडीनं आपला रोजचा तमाशा केला. श्योजीरामनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू साक्षीदारच मिळाला. मालवीय नगरात पोचलो, काका खाली उतरले, आणि श्योजीरामला हसू आवरेना. काकांची पँट मागून चिंब होती. राखाडी पँटवर नीळ आणि गेरूचे नकाशे उमटले होते.

काकांनी पँट चाचपली, हात हुंगला. "वैनी, ह्या गठ्ठ्यांत काय हाय?"

"कापड. धुतलेलं."

"ओलं?"

मग मला सांगावं लागलं. उन्हाळ्यात एकदा बगरूच्या मैदानात कापड वाळत असताना आंधी आली होती आणि सगळ्या मालावर वाळू बसली होती. तेव्हापासून मी शहाणी झाले. कापड तिथं नुसतं पिळून घ्यायचं आणि माझ्या गच्चीवर आणून वाळवायचं. या हुशारीचा मला फार अभिमान होता. सांगता सांगताच माझा आवाज बारीक होत गेला.

"मतलब तुम्ही बगरूहून जयपूरला पानी आनताय," काका शांतपणे म्हणाले. "तेबी पेट्रोल जाळून. आता डिझेल जाळून आना."

मला राग आला. आपली चूक कुणी इतकी नेमकी दाखवली की येतोच. मी म्हटलं, पाणी असो नाहीतर दगड, दमदार इंजिन घातलं की प्रश्न मिटतो, आणि मिस्त्री इतकी खात्री देतोय. काका तशाच ओल्या पँटीनं दुकानाच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. माझा नवरा त्यांच्याजवळ इतकी वर्षं होता, पण त्यालाही ती माहीत नव्हती.

टोंक रोडवर एक पिकअप उलटली होती. पेट्रोलच्या गाडीत डिझेलचं जड इंजिन, ब्रेक आणि पुढच्या स्प्रिंगचे पाटे जुनेच. ड्रायव्हर गेला. गाडी त्याची स्वतःची होती. काकांनी अहवालात खरं ते लिहिलं, की इंजिन नोंदणीशी जुळत नाही. गाडीचा क्लेम नामंजूर झाला. महिन्याभरानं त्याची बायको ऑफिसात आली. ती भांडली नाही, रडलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "साहब, आप देखने पहले क्यों नहीं आए?"

"तिला वाटलं, गाड्या तपासनं हेच माझं काम," काका म्हणाले. "मी तिला सांगितलंबी न्हाई, की सर्व्हेअर मागनंच जातो. काय सांगनार? म्हनून रिटायर झाल्यापास्नं मी आधी जातो." मग श्योजीरामकडे हनुवटीनं खूण करून म्हणाले, "गाडीच्या कागदावर नाव तुमचं हाय वैनी. स्टिअरिंगवर हात त्याचे हायेत."

श्योजीरामला मराठी कळत नव्हती. तो गठ्ठे उतरवत होता आणि मधेच माझ्याकडे बघून हसला. मला त्याच्याकडे बघवेना.

तरी काकांनी मला नुसत्या शब्दावर सोडलं नाही. ओले गठ्ठे त्यांनी त्याच दिवशी धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, वजन करून घेतले. शुक्रवारी तेच गठ्ठे वाळवून त्यांनी धर्मकाट्यावर नेले आणि आदल्या दिवशीच्या ओल्या वजनाशी ताडून पाहिले. निम्म्याहून जास्त वजन उडून गेलं होतं. वाळलेला माल हौद्यात टाकून आम्ही मुद्दाम पुलावर गेलो. पिकअप तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मागून थापांचा आवाज आला, दोन नाही, चांगल्या सात-आठ.

शनिवारी मी मिस्त्रीला नको म्हणून कळवलं. बगरूत एक पत्र्याची शेड भाड्यानं घेतली, आत दोऱ्या बांधल्या आणि कापड तिथंच वाळायला लागलं. दोन खेपा सहज होऊ लागल्या आणि ऑर्डर चार दिवस आधी गेली. काकांनी त्या डागाळलेल्या पँटीला पुढं कधी साबण दाखवला नाही. आमच्याकडे जेवायला यायचे तर नेमकी तीच घालून.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे फारच बोलायला लागले आणि मुलीनं त्यांना कराडला बोलावून घेतलं. सामान फार नव्हतं. दोन ट्रंका, एक गादी, काकूंची शिलाई मशीन. दुर्गापुरा स्टेशनवर पिकअपनंच सोडायचं ठरलं. श्योजीरामनं पुढचं दार उघडून धरलं आणि या वेळी हात जोडले. "बाऊजी, आज तो आगे बैठो."

काका मागं निघालेच. चाकावर पाय चढेना, तेव्हा मी आणि श्योजीरामनं दोन्ही बाजूंनी धरून त्यांना वर घेतलं. ते गादीच्या वळकटीवर टेकले, धाप आवरली आणि म्हणाले, "आज माल मीच हाय."

त्यांच्याकडूनच शिकले होते, म्हणून विचारलं, "मग काका, काय म्हणतो माल?"

त्यांनी थोडा विचार केला. "माल म्हनतोय, हळू घ्या. पोचायची घाई न्हाई."

मी ते श्योजीरामला हिंदीत सांगितलं. मग मीही पुढे न बसता मागंच चढले, त्यांच्या शेजारी ट्रंकेवर. काकांनी माझा हात धरला आणि फळीवर दोनदा आपटला.