बर्फ पांढरा यायला हवा

अमेरिकेतल्या ट्रॉयमध्ये थंडीची चातकासारखी वाट पाहणारा एकच मराठी माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा रूममेट होता. नागपूरच्या उन्हात वाढलेल्या या गृहस्थाला पहिला बर्फ पडला की चेव यायचा. शनिवारी सगळं गाव रजईत गुरफटलेलं असताना हा तीन स्वेटर आणि आईने पाठवलेली माकडटोपी चढवून गावाबाहेरच्या शेतांकडे निघायचा आणि हरणाकोल्ह्यांसाठी कॅमेरा लावून तासन्‌तास बसायचा. थंडीत बॅटरी मरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या जाड हातमोज्यांत, तळहाताशी. घरी आल्यावर काचेला दव धरू नये म्हणून कॅमेरा पिशवीत बांधून दाराशी ठेवायचा आणि त्याला ऊब येईपर्यंत स्वतःही पायपुसण्यावर बसायचा. चहा तिथेच द्यावा लागे. "कॅमेऱ्याचं ऐकायचं नाही," तो मला बजावायचा. "तो बर्फाला राखाडी करून टाकतो. उजेड आपण वाढवून द्यायचा."

त्याला हवं होतं पांढरं घुबड. चार हिवाळे ते हुलकावण्या देत राहिलं. दोन हजार सातच्या हिवाळ्यात मोटारींच्या धंद्याला उतरती कळा लागली, त्याची नोकरी गेली आणि तिच्यासोबत व्हिसाही. सोमवारचं विमान होतं, म्हणून शेवटच्या शनिवारी मीही बरोबर गेलो, तेही पातळ हातमोजे घालून. तासाभरात माझी बोटं बधिर झाली. त्याने पाहिलं, स्वतःचे हातमोजे मला चढवले आणि बॅटऱ्या बॅगेत टाकल्या.

आणि घुबड आलं. समोरच्या कुंपणाच्या खांबावर बसून आमच्याकडे बघत राहिलं. कॅमेऱ्यातली बॅटरी मेली होती, बॅगेतल्याही गारठून मेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"नीट बघून घे," तो कुजबुजला. "आता डोळ्यांतच न्यायचंय."

जाताना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेला. "तिकडे बर्फ कुठे आहे, यार?"

पुढच्या हिवाळ्यात मी एकही शनिवार चुकवला नाही. शेवटी एकदा त्याच कुंपणावर घुबड बसलं. फोटो पाठवला, तसा त्याचा फोन आला.

"घुबड झकास," तो म्हणाला. "बर्फ राखाडी आलाय. ऐकलंस ना कॅमेऱ्याचं?"

तरी त्याने तो फोटो मोठा करून लावलाय. घुबड अशुभ म्हणून आई भिंतीवर लावू देत नाही, म्हणून कपाटाच्या आत. मी अजून बॅटऱ्या त्याच्या हातमोज्यांत घालून शेताकडे जातो. पांढऱ्या बर्फाचा फोटो त्याला पाठवायचा राहिलाय.