चौथ्याची जागा

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसायला म्हणून वाचतो. पांढरी साडी, घुंगरांचा आवाज, मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही... लिहिणाऱ्याला एकच विचारावंसं वाटतं — त्या दिवशी नीट जेवला होतात ना? माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणणार नाही. पण मला साधी फॅमिली फ्रेम लावता येत नाही, असं जालनाभर पसरवलं जातंय. ते ऐकून डोकं फिरतं, म्हणून जे झालं ते एकदाचं लिहितो.

मी फोटोग्राफर. लग्नांमध्ये दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासाठी लाइट धरण्यापासून सुरुवात केली. कोणी शिकवलं नाही, कोणी दुकान टाकून दिलं नाही. आज स्वतःचा स्टुडिओ आहे आणि लोक माझ्याकडे येतात ते लोकेशनसाठी. प्री-वेडिंगवाल्या जोडप्यांना शूट जालन्यातच करायचं असतं, फक्त फोटोत जालना दिसायला नको असतं. "सर, थोडं फॉरेनसारखं वाटलं पाहिजे." नवरदेव बियाण्याच्या कंपनीत, नवरी तलाठी होण्याच्या तयारीत, आणि यांना फॉरेन पाहिजे. मी देतो. मोती तलावाचा काठ, बदनापूर रोडची मोसंबीची बाग, मालगोदामाची लाल भिंत — प्रत्येक ठिकाणच्या माणसाशी मी स्वतः घासाघीस केली आहे. आणि प्रत्येक ठिकाणी माझ्या मागोमाग स्टेशन रोडचा एक हिरो ड्रोन घेऊन हजर. (नाव घेत नाही, त्याची तेवढी लायकी नाही.) शोधायचं मी, उडवायचं त्यानं.

म्हणून जुन्या जालन्यातलं बंद पडलेलं जिनिंग सापडलं, तेव्हा मी आधी गेटचा बंदोबस्त केला. कापसाचा हा कारखाना कधीचा बंद आहे. आवारात काळ्या दगडाची लांबलचक भिंत, पुढे सपाट जागा. उन्हं कलली की त्या भिंतीचा एकेक दगड वेगळा दिसतो. असा बॅकग्राउंड पुण्यातही मिळत नाही. राखणीला रशीदचाचा. त्याच्या नातीच्या लग्नाचा अल्बम मी करून द्यायचा, बदल्यात दुसऱ्या कुठल्या फोटोवाल्याला त्यानं आत घ्यायचं नाही, असं ठरलं. म्हातारा कबूल होईपर्यंत तीनदा चहा झाला. तोही माझ्याच खर्चानं.

तिथे मी बदनापूरकडच्या एका कुटुंबाचं शूट घेतलं. थोरल्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. तीन भाऊ, आणि जमिनीच्या वाटण्या झाल्यापासून तिघांचं एकमेकांशी बोलणं बंद. त्यांची आई, अक्का, हट्टाला पेटली होती — तिघं एका फोटोत पाहिजेत. फोनवर मला म्हणाली, "लगीन उरकलं की पांगतेत हे. मंग माझ्या मयतीलाच जमतील, अन् तवा मला दिसणार न्हाई."

तिघे आले, पण तीन गाड्यांमधून. भिंतीपुढे उभे केले तर असे उभे राहिले की जणू तहसीलमध्ये तारखेला आलेत. मी फ्रेम लावतोय, तेवढ्यात अक्कानं खालचा एक मुठीएवढा दगड उचलला, पदरानं पुसला आणि थोरल्या-मधल्याच्या पायाशी ठेवला.

"हे काय, अक्का?"

"तिघं उभं राहू न्हाई. चौथा लागतो."

ही रीत मला माहीत आहे. तिघे कामाला निघाले की सोबत चौथा म्हणून दगड घ्यायचा. माझी आईही करायची. पण एवढी महागडी लेन्स काय मी दगडाचा फोटो काढायला घेतली?

"फ्रेममध्ये घाण दिसतो तो."

"दिसू दे की. त्याला काय पोझ द्याची हाय?"

गाड्यांपाशी उभी असलेली त्यांची पोरं हसली. मला हसणं सहन होत नाही, विशेषतः ऊन उतरत असताना. मी दगड उचलला आणि भिंतीपलीकडे भिरकावला. "नंतर कॉम्प्युटरवर चौथा टाकून देतो. पाचवा पण टाकतो. पाहिजे तेवढे सांगा."

अक्का पदर झटकून बाजूला झाली.

मी कॅमेऱ्यात पाहिलं. थोरला आणि मधला, दोघांच्या मध्ये एक माणूस उभा राहील एवढी जागा.

"चिकटा जरा. भांडण घरी ठेवा."

सरकले. जागा तेवढीच. पुन्हा ओरडलो. पुन्हा सरकले. पुन्हा तेवढीच. शेवटी मी स्वतः गेलो, दोघांचे दंड धरले आणि खांद्याला खांदा लावून दिला. परत येऊन पाहतो तर स्क्रीनवर गॅप.

"तुम्हाला सांगितलेलं कळतं का?"

मधला तापला. "चिकटलोय ना राव. ह्याच्या अत्तराचा वास घेऊन राह्यलो मघापासून. अजून काय गळ्यात पडू?"

मी कॅमेरा खाली केला. डोळ्यांनी पाहिलं तर खरंच चिकटलेले. कॅमेरा वर केला तर जागा. लेन्स बदलली. कार्ड बदललं. बाजूनं घेतला, बसून घेतला... जागा हलली नाही. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. थोरल्याच्या कडक इस्त्रीच्या बाहीवर, जागेच्या बाजूनं, चुण्या पडल्या होत्या. आणि समोर मधल्याच्याही. कोणी मध्ये दाटीवाटीनं उभं असलं की पडतात तशा.

ऊन गेलं. अक्कानं दुसरा दगड उचलून तिथेच ठेवला आणि रशीदचाचाला म्हणाली, "चाचा, तुमच्या मोबाइलमंदी काढा बरं." चाचानं काढला. त्यात तिघं अगदी चिकटून. वर चाचाचं बोट कोपऱ्यात आलेलं, थोरल्याचे डोळे मिटलेले. तो फोटो — तो — मोठा करून त्यांच्या बैठकीत लावला आहे. अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते म्हणे. लग्नाची ऑर्डर स्टेशन रोडच्या हिरोला गेली.

कॅमेरा मी छत्रपती संभाजीनगरला सर्व्हिसला दिला. म्हणाले, काही दोष नाही. मी नवा घेतला. पहिलंच शूट मोती तलावावर, एक जोडपं. व्यवस्थित. दुसरं, आठ जणांचं कुटुंब. व्यवस्थित. तिसरं म्हणजे आजकाल घरोघरी असतं तसं — नवरा, बायको, एक लेकरू.

जागा.

आई लेकराचा हात धरून उभी होती. मी डोळ्यांनी पाहत होतो. फोटोत तिचा हात नुसताच बाजूला आलेला, मूठ अर्धवट मिटलेली, आणि लेकरू पलीकडे. आता कोणी तिघे आले की मी त्यांना आजीला आणा, मावशीला आणा म्हणतो. लोक म्हणतात, हा फार नखरे करतो. करतो. तुम्हाला काय?

मागच्या महिन्यात मुलगी बारावी पास झाली. बायको म्हणाली, "गावाचे काढता, आपला एक काढा." घरात आम्ही तिघेच. तिला माझी अडचण माहीत होती. तिनं कुंडीतला एक दगड आणून पायाशी ठेवला. मी राहू दिला. तिचा दगड, तिचं घर. टायमर लावला, धावत जाऊन कडेला उभा राहिलो. डाव्या खांद्याला खांदा लागला. मला वाटलं, बायको आज फारच लाडात आली. मीही थोडा रेललो.

फोटोत बायको आणि मुलगी एकीकडे. मी एकीकडे, थोडा तिरका, कोणाला तरी टेकल्यासारखा. मध्ये जागा, आणि त्या जागेत तो कुंडीतला दगड. म्हणजे अक्काला दुसरा दगड चालला, मला चालत नाही; मी भिरकावला तोच पाहिजे.

हा कॅमेऱ्याचा दोष असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांत कसा? डोळ्यांचा असेल तर चाचाच्या मोबाइलला कसा नाही? मला अजून काही सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं असं वाटतं त्यांनी कृपा करून लिंबू-मिरची सुचवू नये.

परवा जिनिंगवर गेलो होतो. भिंतीच्या पलीकडे, जिथे कोणी जात नाही तिकडे. मागून रशीदचाचा आला.

"क्या ढूंढ रहे जी?"

"लोकेशन बघतोय."

त्यानं भिंतीकडे पाहिलं, माझ्या धुळीनं भरलेल्या हातांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तिथे अख्ख्या पडक्या गोदामाचा मलबा पसरला होता.

"कौनसा था वो, याद है? इधर तो सब पत्थरइच पत्थर है."

मी म्हणालो, तू तुझं काम कर. तो गेला नाही. माझ्या शेजारी उकिडवा बसला, एक दगड उचलून पुढे केला आणि म्हणाला, "ये देखो." तो नव्हता.