अहमदपूरजवळच्या फिल्टरची चावी

एका सेवाभावी संस्थेत मी आयुष्यभर प्रस्ताव लिहिले. कंपनीकडून यंत्र, सरकारकडून जागा, संस्थेकडून माणूस, असं सगळं जुळवून आणणारे. निवृत्तीनंतर वाटलं, पुण्यात बसून ज्या गावांबद्दल लिहिलं त्यातलं एक तरी बघावं.

रेल्वेने सकाळी नांदेडला उतरले तेव्हाच अंग आंबलं होतं. अहमदपूरची एसटी लगेच मिळाली. बायकांना अर्धं तिकीट आहे, खासगी गाडीच्या नादी लागू नका. मला मागच्या चाकावरची सीट मिळाली, त्यामुळे रस्त्याबद्दल माझं मत धरू नये. अहमदपूर स्टँडसमोर सुशीला खाल्ली, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना झणझणीत फोडणी आणि वर डाळ्याचं कूट. पोट भरतं आणि स्वस्तही आहे. तिथून काळीपिवळी जीप. माणसं भरेपर्यंत हलत नाही, पाऊण तास धरून चाला.

गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड. मोठ्यांचे दात पिवळे, म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेले. म्हणून पाण्याचा फिल्टर बसवलेला. त्याच्या खोलीवर तीन पाट्या होत्या, कंपनीची, आमच्या संस्थेची आणि ग्रामपंचायतीची. आत एकच बाई, शोभाताई. संस्थेने तिला यंत्र शिकवलं होतं.

"तुम्ही पुण्याच्या हापिसातल्या? बरं झालं, चावी घेऊन जा," ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. नव्हती करत. तिच्या लेकीचं दुसरं बाळंतपण आलं होतं, लातूरला. पहिलं माहेरी झालं, आता आईनं जायचं. दिवस भरत आले होते. पण प्रकल्प संपून संस्थेची माणसं निघून गेली होती आणि चावी हिच्याकडेच राहिली. फिल्टर चार-पाच दिवस बंद राहिला की आतली जाळी कामातून जाते.

"दुसऱ्या कुणाला शिकवलं नाही का?"

"शिकवलं की. पन जबाबदारी म्हटलं की बाया मागं सरत्यात. बिघडलं तर नाव कुनाचं?"

मी संस्थेत फोन लावला. माझ्या जागी आलेली मुलगी गोड बोलली. प्रकल्प पूर्ण झालाय, पुढची जबाबदारी शासनाची. कंपनीत फोन केला, तिथल्या बाईंनी सांगितलं, आम्ही फक्त यंत्र बसवून दिलं. मग आम्ही दोघी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांनी चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

शोभाताईनं चावी टेबलावर ठेवली. त्यांनी ती एका बोटानं परत तिच्याकडे सरकवली.

"मॅडम, हस्तांतरणाचा ठराव न्हाई. चावी अशी घेता येत न्हाई. आम्हाला कुनी इचारलंच न्हाई."

खरंच विचारलं नव्हतं. 'तीन वर्षांनंतर ग्रामपंचायत यंत्रणा ताब्यात घेईल' हे वाक्य माझंच. मागच्या प्रस्तावातून उचलायचे आणि गावाचं नाव बदलायचे. कंपनी, सरकारी खातं आणि संस्था, तिघांनीही ते वाचून सह्या केल्या होत्या; ग्रामपंचायत त्यात नव्हतीच. मला ग्रामसेवकांचा राग आला नाही, स्वतःचीच लाज वाटली.

परतताना शोभाताईला ते सांगून टाकलं. ती चालत राहिली.

"मंग तवा एक फोन करायचा व्हता मॅडम," एवढंच म्हणाली. घरी तिनं गरम भाकरी आणि ठेचा वाढला. ताट रिकामं होईपर्यंत तिनं मला उठू दिलं नाही.

मी ठरावाचा मसुदा लिहून ग्रामसेवकांकडे दिला. पुढच्या ग्रामसभेत ठेवतो, म्हणाले. ग्रामसभा कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी लातूरहून रेल्वे पकडली. लातूर शहर बघायचं ठरवलं होतं, ते राहिलंच.

घरी आले तर एका ओळखीच्या संस्थेचा अर्ज भरून द्यायचा होता. 'तीन वर्षांनंतर कोण चालवणार?' या रकान्यात बोटांनी सवयीनं 'ग्रामपंचायत' टाइप केलं. खोडलं. 'अजून विचारलेलं नाही' असं लिहून पाठवलं. तो परत येणार, हे मला माहीत आहे.

आठवड्यानं शोभाताईचा फोन आला. लेकीला मुलगी झाली होती.

"कधी पोचलात लातूरला?"

"गेले न्हाई. फिल्टर चालू हाय. जावईबापूंनी फोनवर ऐकवलं रडनं. लई खनखनीत रडती."

मागे फिल्टरच्या मोटारीचा आवाज येत होता.