गाळलेली पायरी

माझ्या दादाचा माणसांवर विश्वास नाही, आणि काम मात्र त्याने अनोळखी माणसांच्या भरवशावर चालणारं घेतलंय. छोट्या दवाखान्यांत रुग्णांच्या नोंदी ठेवायचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि कुणालाही उघडून बदलता येईल असं. ते वापरायचं कसं, हे सांगणारी पानं दादा सांभाळतो. पगार नाही, आभार क्वचित. पानांत चूक दिसली तर कुणीही दुरुस्ती पाठवावी आणि दादाने ती तपासून मंजूर करावी, अशी रीत.

पण पाठवतंय कोण? वापरणारे ढीगभर, नावं ठेवणारे त्याहून जास्त. म्हणून दादाने एक युक्ती काढली होती. पानांत तो मुद्दाम एखादी साधी, निरुपद्रवी चूक ठेवायचा. नवख्याला ती दिसली की हुरूप येतो, तो ती दुरुस्त करतो आणि मग आणखी काही लिहायला धजावतो. मी म्हणायचे, हा तर गळ झाला. तो म्हणायचा, मासे काय आपणहून टोपलीत उड्या मारतात?

यंदा मात्र त्याला वारस हवा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की नजर हळूहळू जाणार. पडद्यावरची अक्षरं तेव्हाच मी वाचून दाखवत होते. पूर्ण अंधार व्हायच्या आत पानं कुणाच्या तरी हाती सोपवायची होती.

अशात ‘कोपरा’ या टोपणनावाने कुणीतरी आलं. आधी गळाची चूक दुरुस्त झाली, मग खऱ्या चुका, मग अख्खी पानं नव्याने लिहून आली, तीही दादापेक्षा सोपी. मी म्हटलं, आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. दादाला ही म्हण आवडली नाही. त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. इतकं चांगलं, इतकं नेमाने, आणि फुकट? पूर्वी एका गोडबोल्याने पानांत हळूच स्वतःच्या दुकानाचा पत्ता घुसवला होता, तेव्हापासून दादा ताकही फुंकून पितो. त्याने कोपऱ्याला विचारलं, कुठे असतोस, हे कशासाठी करतोस? उत्तर आलं की काम दवाखान्यात आहे, पानं उपयोगी पडतात, म्हणून. पुढे हूं की चूं नाही. खरं सांगते, मलाही वास यायला लागला. घरात एकाला संशय आला की दुसऱ्याला लागण व्हायला वेळ लागत नाही.

मग दादाने परीक्षा घ्यायचं ठरवलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालताना नोंदींची प्रत काढायची, ती उघडून तपासायची आणि मगच जुनं पुसायचं, असं सांगणारं एक पान होतं, दादाचंच. त्यातली तपासायची पायरी त्याने गाळली. कोपरा खरा असेल तर ओरडेल, लबाड असेल तर गप्प बसेल. दुसऱ्याच कुणी ते वाचलं तर, असं मी विचारलं. तिकडे इतक्यात कोण फिरकतंय, म्हणाला.

कोपरा गप्पच राहिला. “बघितलंस?” दादा म्हणाला, आणि चक्क खूश दिसला. मला त्याचा राग आला, पण माझ्याही मनात तेच होतं.

पुढच्याच आठवड्यात त्याला फोन आला, आणि नेहमीसारखा त्याने तो स्पीकरवरच घेतला. आवाज बाईचा होता, थकलेला. मीच कोपरा, असं ती म्हणाली. तिने आपल्या दवाखान्यात नवी आवृत्ती घातली होती, पानात होतं तसंच. जुनं पुसून झाल्यावर काढलेली प्रत रिकामी निघाली. लहान मुलांच्या लसींच्या सगळ्या नोंदी गेल्या होत्या आणि आता ती एकेका आईला फोन करून घरची कार्डं मागवत होती.

“पान वाचताना शंका नाही आली?” दादाने विचारलं.

“तुम्ही बदललं होतं ना, सर. म्हणून नाही तपासलं.”

दादाचा चेहरा पडला. खोटं बोलता आलं असतं, पण तो बोलला नाही. “पायरी मी मुद्दाम काढली होती,” तो म्हणाला. “तुम्ही कोण आहात, ते बघायला.”

मग तिने शांतपणे विचारलं, “मग, कळलं का?”

दादाने फोन माझ्या हातात दिला. मी बोलायला गेले तेव्हा तो बंद झाला होता. गाळलेली पायरी तिने आधीच परत लिहून दादाच्या मंजुरीसाठी पाठवली होती. ती तिची शेवटची दुरुस्ती. पानं अजून दादाकडेच आहेत, आणि आता तर मोठी अक्षरंही त्याला दिसत नाहीत.