दगडावर राहिलेलं नाव

मला तिथं जायचंच नव्हतं. पण आई हटून बसली की आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

आमच्या फाट्यावर कोरोनात गेलेल्यांचं स्मारक बांधलंय. पंचक्रोशीतल्या मयतांची नावं काळ्या दगडावर कोरलीत, त्यात माझ्या वडिलांचंही आहे. लोकार्पणाचं निमंत्रण घेऊन समितीची माणसं घरी येऊन गेली आणि तेव्हापासून आईचा मला कराडला रोज फोन. "येतीस न्हवं?" मी म्हणायचे, दगड बघायला दुकान बंद करून येऊ व्हय? ती म्हणायची, "नाव कोरलंय त्यांचं. लेक नको का बघायला?"

खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. स्मारकाच्या समितीत मामा होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, तेव्हा ह्याला कडेवर घेऊन आईनंच वाढवला. पुढं तो मिलिटरीत भरती झाला, सुभेदार होऊन कराडजवळच्या आपल्या गावी परतला. आता पंचक्रोशीत कुठंही झेंडा चढवायचा असला, कुणा जवानाला मानवंदना द्यायची असली की मामा पुढं. छाती काढून चालतो, मिशीला पीळ, बोलणं सगळं ऑर्डर दिल्यासारखं. लहानपणी मला ह्या मामाचा केवढा अभिमान होता! बर्फातल्या चौकीवर राहिलेला माणूस म्हणून मी त्याच्या गोष्टी शाळेत सांगत फिरायचे.

तो बर्फात राहिलेला माणूस आमच्या गल्लीत यायला भ्याला.

माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती. सगळं बंद झालं तरी त्यांनी गिरणी बंद केली नाही. "लोकांनी काय दाणं चावायचं व्हय?" म्हणायचे. तोंडाला टॉवेल गुंडाळून दळत राहिले आणि त्यातच त्यांना गाठलं. माझा भाऊ त्यांना गाडीत घालून ह्या दवाखान्यातनं त्या दवाखान्यात फिरला, कुठंच बेड मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा फार उशीर झाला होता. परस्परच त्यांना नेलं, आम्हाला लांबनं धूर दिसला. गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते आणि आम्ही आत.

आता आमच्याकडची रीत सांगते, म्हणजे आईचं दुखणं कळेल. घरधनी गेला की दिवस झाल्यावर बाईच्या माहेरचा माणूस दुखवटा घेऊन येतो. तिला साडी आणतो, तिच्या लेकाच्या डोक्यावर टोपी घालतो, पुरणपोळीचा डबा आणतो आणि पहिला गोड घास आपल्या हातानं भरवतो. मग तिनं पुढं जगायचं, सणवार करायचे. तोवर त्या घरात गोड शिजत नाही. आणि दुखवटा काही मागून घेता येत नाही. तो ज्याचा त्यानं आणायचा असतो.

मामा आला होता. अगदीच आला नाही असं म्हणणार नाही मी. वडिलांचे दिवस होते त्या दिवशी दुपारी मोटरसायकलीचा आवाज आला म्हणून आई धावत दारात गेली. मामा बांबूच्या पलीकडं उभा होता. त्यानं एक पिशवी बांबूला अडकवली, घराकडं बघितलं, गाडीला किक मारली आणि गेला. हाक नाही, हात नाही, काही नाही. आई दारात डोक्यावर पदर घेऊन रडायच्या तयारीनं उभी होती. आमच्यात माहेरचं माणूस दारात आलं की बाई मोठ्यानं रडते, तोवर आतल्या आत. तिचं तोंड तसंच उघडं राहिलं आणि मग तिनं दार लावून घेतलं. पिशवीतली केळी बांबूलाच सडली. कुणी हात लावला नाही.

भ्याला, ठीक. भ्यायचं तर सगळेच भ्यालो होतो. पण बांबूपलीकडनं नुसतं "आक्का" म्हणायला कुठला रोग लागत होता हो?

त्यानंतर सगळं उघडलं, लग्नं झाली, जत्रा भरल्या. मामा काही आला नाही. त्याला वाटायचं आक्कानं बोलवावं. आई म्हणायची, "दुखवट्याला बोलवणं धाडत्यात व्हय?" तो तिकडं अडून, ही इकडं अडून. आणि आमच्या घरात बेंदराच्या सणाला पुरण नाही, दिवाळीला करंजी नाही. भावाची पोरं शेजारच्या घरी जाऊन लाडू खायची. वहिनी एकदा तोंड वर करून म्हणाली, "एवढं काय धरून बसायचं? दुसऱ्या कुणाकडनं तरी साडी घ्या आणि मोकळ्या व्हा." आई नुसती तिच्याकडं बघत राहिली. वहिनीनं तो विषय परत काढला नाही.

तर असं होतं. आईला दगड बघायचा नव्हता. तिला तिथं आपला भाऊ भेटेल अशी आशा होती, आणि मला तीच आशा खपत नव्हती.

आम्ही गेलो. आई, भाऊ आणि मी. मंडप घातलेला, स्पीकरवर देशभक्तीची गाणी. म्हटलं, ही कसली गाणी? मग स्मारकावरचा कपडा ओढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वर बंदूक होती. उलटी रोवलेली बंदूक, तिच्यावर हेल्मेट.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. गावोगावी शहीद जवानांची स्मारकं आहेत आणि ती करणारा कारागीर एकच. त्याच्याकडं साचा एकच. समितीनं सांगितलं स्मारक पाहिजे, त्यानं स्मारक केलं! आणि समितीत कोण, तर आमचे सुभेदार मामा. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट खाली कोरून घेतलं, वीरांना मानवंदना. अरे कसले वीर? त्यात पाळण्यातलं पोर होतं, बाळंतीण होती, ऊसतोडीला आलेली म्हातारी होती. माझा बाप गिरणीवाला. जन्मात त्यानं काठी सोडून काही हातात धरलं नाही. ही माणसं लढता लढता पडली नाहीत, हवा मिळेना म्हणून तडफडून गेली. हेल्मेट कुणाच्या डोक्याला घालता?

आणि नावं कुठं, तर मागच्या अंगाला, उसाच्या फडाकडं तोंड करून. रस्त्याकडं तोंड करून कोण, तर देणगीदार. चांगली हातभर अक्षरं. जनाची नाही तर मनाची तरी ठेवावी.

आई मागं गेली. तिला वाचता येत नाही. भावानं तिचं बोट धरून वडिलांच्या नावावर ठेवलं. तिनं त्या अक्षरांवरनं पदरानं पुसल्यासारखं केलं, जसं गिरणीच्या पाटीवरचं पीठ पुसायची. मला त्या माणसांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी फडाकडं बघत उभी राहिले.

मग सत्कार सुरू झाले. आपल्याकडं कशाचाही सत्कार होतो. मयताच्या घरच्यांना एकेक करून व्यासपीठावर बोलवत होते. गड्यांना भगवा फेटा, बायकांना साडी आणि नारळ. फोटो काढणारा म्हणत होता, "इकडं बघा, जरा हसा." एक बाई सवयीनं हसलीसुद्धा आणि मग तिचं तिलाच कसंतरी झालं.

आमचं नाव पुकारलं. भाऊ म्हणाला, मी फेटा बांधणार नाही, माझ्या डोक्याला अजून टोपी लागायचीय. पण आई उठली. आणि सूत्रसंचालन करणारा तो शहाणा माईकवरनं म्हणतो कसा, "योगायोग बघा मंडळी! ह्या माउलींचा सन्मान करतायत त्यांचेच सख्खे बंधू, आपले सुभेदारसाहेब! जोरदार टाळ्या!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा साडी घेऊन पुढं आला. तो हळूच म्हणाला, "आक्का, घे."

तेव्हा मला कळलं तो काय करत होता. बांबूला पिशवी अडकवली तसाच आता दुखवटा उरकत होता. समितीच्या साडीनं, समितीच्या खर्चानं, उंबरा न ओलांडता.

आईनं हात पुढं केला नाही. त्या शहाण्याला वाटलं, माउलींना गहिवरून आलं. त्यानं माईक तिच्या तोंडापुढं धरला. "आई, दोन शब्द बोला."

आई जन्मात माईकवर बोललेली नव्हती. ती म्हणाली, "तुमच्या दगडावर एक नाव घालायचं राहिलंय."

समितीची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सूत्रसंचालक गडबडला. "चूक झाली असंल, आई. सांगा, उद्याच्या उद्या कोरून घेतो. कुणाचं?"

"माझ्या भावाचं."

"पण आई, सुभेदारसाहेब तर हितं..."

"ह्यो कोण, मला म्हाईत न्हाई. माझा भाऊ माझ्या मालकाच्या दिवसालाच गेला. जित्ता असता तर घरात आला असता."

स्पीकर लांबपर्यंत लावले होते. फाट्यावर चहाच्या टपरीवरची माणसंसुद्धा उठून बघायला लागली. आई पायऱ्या धरून खाली उतरली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शिट्टी मारावीशी वाटली. मामा साडी हातात धरून तसाच उभा होता आणि त्याची ती काढलेली छाती पार आत गेली होती. बरी जिरली.

घरी येताना मी सारखी बोलत होते. भले बहाद्दर, असंच पाहिजे होतं, वगैरे. घरी आल्यावर आई चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "लय बोलले का गं मी?"

"कमीच बोललीस," मी म्हणाले.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता हे मला दिसत होतं, पण मी माझ्याच तोऱ्यात.

दिवस मावळायच्या आधी मी दारात पाय धुवायला गेले आणि मामा दिसला. गल्लीच्या तोंडाला, जिथं तेव्हा बांबू बांधले होते त्याच खांबापाशी उभा. फेटा नाही, कोट नाही. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पिशवी. मी आत आले आणि दाराला कडी घातली.

"कोण हाय?" आईनं विचारलं.

"कुणी न्हाई."

ती उठून खिडकीशी आली. बघितलं तिनं. "कडी काढ."

"काढत न्हाई. दुपारी गावासमोर मेला म्हणालीस न्हवं? मेलेली माणसं दारात येत नसत्यात."

"म्हणून तर आलाय त्यो," आई म्हणाली. "सरक बाजूला." आणि तिनं स्वतः कडी काढली.

मामा चालत आला. दारापाशी वहाणा काढल्या. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानं हाक मारली, "आक्का." एवढीच हाक. आणि आई रडली. मोठ्यानं, सूर धरून, जशी त्या दिवशी रडणार होती तशी. वडिलांचं नाव घेऊन रडली, मामाचं नाव घेऊन रडली. शेजारच्या बायका दारात आल्या आणि काही न विचारता पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं हे तिच्या पोटात होतं आणि मला, तिच्या लेकीला, पत्ता नव्हता. मला वाटत होतं ती रागावलीय. ती नुसती वाट बघत होती.

मामानं तिच्या खांद्यावर साडी टाकली. समितीची नव्हे, दुसरी. भावाच्या डोक्यावर टोपी घातली. "भ्यालो होतो गं आक्का," म्हणाला.

"म्हाईत हाय," आई म्हणाली. त्यानं पोळीचा तुकडा तिच्या तोंडात घातला. तिनं तो हळूहळू चावला आणि गिळला. मग मला म्हणाली, "ताट कर त्याला. आणि तूप वाढ चांगलं."

मी वाढलं. आईचा शब्द मोडायची माझी छाती नाही. पण वाटी आपटली ती सगळ्यांनी ऐकली.

जेवून मामा उठला. दुखवट्याच्या घरातनं निघताना 'येतो' म्हणत नाहीत. पण आता दुखवटा सुटला होता. तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "येतो आक्का." आई म्हणाली, "ये रं." मग तो माझ्याकडं वळला. "येतो गं पोरी."

आई माझ्याकडं बघत होती. 'या' म्हण, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलं होतं.

"मामा," मी म्हणाले, "माझा बाप गिरणीवाला होता. त्याच्या डोक्यावरची ती बंदूक काढा आधी. मग या."

त्यानं मान हलवली आणि गेला. यंदाच्या बेंदराला आईनं पुरण घातलं, मामाही जेवायला आला होता. मी गेले नाही. जाता-येता एसटीतनं फाटा लागतो, तेव्हा मी मान वळवून बघते. बंदूक अजून तिथंच आहे.