कागदावर नसलेली लढाई

पलटणीतून माझं नाव कमी झालं तेव्हा पुण्याच्या छावणीत एका गोऱ्या साहेबानं माझ्या हातात जाड कागद ठेवला आणि जपून ठेवायला सांगितलं. मी तो मेणकापडात गुंडाळला आणि घाट उतरून घरी आलो. कागद इंग्रजीत होता. इंग्रजी अक्षरं मला एकेक करून ओळखता येत, कारण तीच आम्ही डोंगरावरून आरशावर ऊन चमकवून पाठवायचो. पण अक्षरं जोडून शब्द काय होतो ते कळत नसे. त्यामुळे त्या कागदात माझी सगळी नोकरी लिहिलेली असणार, असं मी धरून चाललो होतो.

आमचं गाव खालापूरच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. घरी थोरला भाऊ, वहिनी आणि माझी बायको. भावानं मला शेतावर घेतलं, पण भाताची खाचरं दोघांना पुरतील एवढी नव्हती, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. त्या साली घाटातल्या रेल्वे लाईनीवर निशाण दाखवायला माणसं पाहिजेत असं कळलं. माझं कामच ते. मी कागद घेऊन कर्जतला गेलो.

तिथल्या कारकुनानं कागद उघडला, वाचला आणि परत घडी घातली.

"निशाणाचं काम कुठं शिकलास?" त्यानं विचारलं.

"पुण्याला, सिग्नलच्या शाळेत. मग कंदाहारच्या बाजूला लढाईवर तेच काम केलं."

"इथं तसं काही नाही." त्यानं कागद पुन्हा उघडला आणि मराठीत सांगत गेला. सगळा काळ पुण्याच्या डेपोत. त्यात बराच दवाखान्यात. लढाई, नाही. बिल्ला, नाही. खास शिक्षण, नाही. वर्तणूक चांगली.

मी म्हणालो, "पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. तेवढंच होतं.

चूक कशी झाली ते मला परतीच्या वाटेवरच उमगलं. माझी पलटण एडनला निघाली तेव्हा मी तापानं दवाखान्यात होतो, आणि डेपोत माझ्या नावापुढे आजारी असं लागलं. बरा झाल्यावर मला शाळेत घातलं, आणि दुसऱ्या एका पलटणीत सिग्नलवाले कमी पडले म्हणून तिच्याबरोबर कंदाहारकडे पाठवलं. मी तिच्याबरोबर गेलो, थंडीत पायाची दोन बोटं घालवली, तिच्याबरोबरच परत आलो. तिनंच मला लढाईचा बिल्ला दिला. पण मी तिचा नव्हतो, आणि ज्या डेपोचा होतो तिथं माझ्या नावापुढचं आजारी कुणी पुसलं नव्हतं.

घरी आल्यावर भावाला हे सांगितलं. तो ओटीवर दोरी वळत बसला होता. हात न थांबवता म्हणाला, "दवाखान्यात पडून व्हतास तर तसं सांगायचं व्हतं रं. आमी काय तुला हाकललं असतं?"

तो रागानं बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो मायेनं बोलला. गावात ही गोष्ट चार दिवसांत पसरली, आणि लोक माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले.

बिल्ला होता, म्हणून मला धीर होता. त्याच्या काठावर माझं नाव आणि नंबर ठोकलेला होता. मी तो घेऊन खालापूरला तालुक्याचा कारभार बघणाऱ्या महालकऱ्यांच्या कचेरीत गेलो आणि टेबलावर ठेवला. कागद दुरुस्त करून मिळावा, एवढंच मागितलं.

कारकुनानं बिल्ल्याचा काठ वाचला, माझा कागद वाचला, आणि दोन्ही घेऊन आत गेला. महालकरी बाहेर आले. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते.

"बिल्ल्यावर एक पलटण आहे, कागदावर दुसरी. नंबरही निराळा."

"मला लढाईपुरतं त्या पलटणीत पाठवलं होतं, साहेब."

"कागद म्हणतो तू दवाखान्यात होतास. मग हा बिल्ला कुणाचा?"

"नाव माझंच आहे की."

"या नावाची माणसं पलटणीत पुष्कळ असतील. त्यातला एखादा मेलाही असेल." ते कारकुनाकडे वळले. "चौकशी होईपर्यंत बिल्ला इथं राहू दे."

त्याच दिवशी फौजदारानं चोरीच्या संशयावरून माझ्याकडून जामीन मागितला. तालुका सोडून जायचं नाही आणि बाजाराच्या दिवशी चौकीवर हजेरी द्यायची. जामीन भाऊ राहिला. सही म्हणून अंगठा उठवून आल्यावर तो म्हणाला, "आता तू कुठं गेलास तर माजे बैल जातील, एवढं ध्यानात ठेव."

मी पुण्याला अर्ज केला. उत्तर आलं ते कचेरीत मला वाचून दाखवलं. बिल्ला तपासणीला पाठवावा, आणि त्या लढाईत बरोबर असलेल्या एका तरी शिपायाची शपथेवर साक्ष सरकारी अंमलदारासमोर घ्यावी. मी महालकऱ्यांना म्हणालो, मग बिल्ला पाठवा. ते म्हणाले, तो संशयाचा माल आहे, कागद दुरुस्त होऊन आल्याशिवाय इथून हलणार नाही. मी स्वतः पुण्याला जाऊन सांगतो म्हणालो, तर जामीन आडवा आला.

त्या पावसाळ्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. शेतावरून वर पाहिलं की घाट दिसायचा. कर्जतहून मागं एक जास्तीचं इंजिन लावून गाडी वर चढायची, डोंगरात शिरायची, पुन्हा बाहेर यायची. त्या डोंगराच्या पलीकडे काही कोसांवर पुणं होतं, माझी शाळा होती, मला शिकवणारे साहेब कदाचित अजून तिथंच होते. मी कंदाहारच्या मुलखातून परत आलो होतो आणि मला घाटमाथ्यावर जायची मुभा नव्हती. घरात बसलो तर वहिनी काही न बोलता ताट वाढायची. बाहेर पडलो तर कुणीतरी तब्येत विचारायचं. मी बोलणंच कमी केलं. बायको रात्रीचं आवरताना एकदा म्हणाली, "अवो, तुमच्यासंगती तिकडं कुनीच नव्हतं का या मुलखातलं?"

होता. मी मुद्दाम त्याचं नाव काढलं नव्हतं.

चौकला मुंबई-पुण्याच्या सडकेवर साहेब लोक उतरायचा बंगला होता, तिथला खानसामा. जातीनं मुसलमान, माझ्याच वयाचा. लढाईत तो त्या दुसऱ्या पलटणीचा शिपाई, आणि माझ्याच टेकडीवर होता. मी आरसा धरायचो, तो दुर्बिणीतून पलीकडच्या टेकडीवरची चमक वाचून मला अक्षरं सांगायचा. ढग आले की झेंडे घ्यायचो. एका थंडीत आम्ही दोघांनी एक घोंगडी वापरली होती. मांडीत गोळी लागून त्याला पेन्शन झाली होती. परत आल्यावर मी त्याला एकदाच भेटलो होतो, आणि निघताना तो म्हणाला होता, "भाऊ, गावात माझ्या पलटणीचं काही बोलू नको." का, ते मी विचारलं नव्हतं.

आता मी चौकला गेलो. चौक तालुक्यातच, त्यामुळे जायला हरकत नव्हती. तो बंगल्याच्या मागं कोंबडी साफ करत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हात धुतले.

"दुसरं काही माग. साक्ष नको मागू."

"दुसरं काही मला नकोच आहे."

"मग मी काय करू," तो म्हणाला, आणि आत गेला.

मला इतका संताप आला की येताना नदी कुठं ओलांडली ते कळलं नाही. आठवड्यानं मी पुन्हा गेलो. या वेळी तो मला पाहून स्वतःच उठला, मला तबेल्यामागं घेऊन गेला आणि उभ्या उभ्या सांगितलं.

भरती झाला होता तो त्याचा थोरला भाऊ. डॉक्टरानं पास केलं, हजर व्हायची चिठ्ठी मिळाली आणि तो पटकीनं गेला. घरी बाप आंधळा, बहिणी लग्नाच्या. हा लहान, भरतीच्या वयाचा नव्हता. तो भावाची चिठ्ठी घेऊन भावाच्या नावानं हजर झाला. तेव्हापासून पलटणीच्या सगळ्या कागदांत त्याचं नाव भावाचं. पेन्शन तो लांब ठाण्याच्या खजिन्यातून आणायचा, कारण तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. गावाला त्यानं मुंबईला साहेबांकडे नोकरीत होतो असंच सांगितलं होतं.

"चौकच्या पाटलानं माझ्या भावाला खांदा दिलाय," तो म्हणाला. "खालापूरच्या कचेरीत पाटील रोज बसलेला असतो. मी तिथं शपथेवर नाव सांगायचं तर कोणतं सांगू? भावाचं सांगितलं तर पाटील बोलेल, हा तर मेलाय. माझं सांगितलं तर त्या नावाचा शिपाई पलटणीत नाही. पेन्शन जाईल ते जाईल, तुरुंग आहे."

त्याला धीर देणारं काही तोंडातून निघालं नाही, कारण माझ्या मनात धीर द्यायचं नव्हतं. माझ्या मनात हेच होतं की याचं गुपित माझ्या हातात आलं, आता याला नाही म्हणता येणार नाही. मी तसाच वळून चालायला लागलो. तो मागून दोनदा हाक मारत होता.

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग काय करनार?"

"खरं तेच सांगायचंय त्याला. खोटं कुठं सांगायचंय?"

"तुमी मोकळं व्हनार आन् तो आत जानार," ती म्हणाली. "मला नाय बघवायचं ते. त्याची बायको बाजारात भेटती मला."

मी तिच्यावर ओरडलो. नंतर गोठ्यात जाऊन बसलो.

चौकशीचा दिवस ठरला तसा निरोप आला. कचेरीत महालकरी, कारकून, फौजदार आणि दोन-तीन गावचे पाटील होते. चौकचा पाटील खिडकीशी सुपारी कातरत बसला होता. मला उभं केलं. कुठं शिकलो, कुठं गेलो, काय केलं, सगळं विचारलं आणि मी सांगितलं. मग महालकरी म्हणाले, "साक्षीदार आणलास?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दारात माणसं बाजूला सरकली. खानसामा उभा होता. धुतलेला अंगरखा, डोक्यावर नवा रुमाल, मांडी आखडलेली म्हणून चौकटीला धरून. त्याला मी बोलावलं नव्हतं. मी त्या दिवशी न बोलता निघून आलो तेच त्यानं बोलावणं समजलं असावं. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की आता विचारलं तर हा सगळं सांगणार, भावाचं, चिठ्ठीचं, सगळं.

पाटलाचा अडकित्ता थांबला.

"साक्षीदार आहे का?" महालकऱ्यांनी पुन्हा विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

"हा कोण?"

"चौकच्या बंगल्यावरचा खानसामा."

महालकरी त्याच्याकडे वळले. "तुला काही सांगायचंय का रे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी उजवा हात छातीसमोर आडवा धरला आणि खाली सोडला. टेकडीवर निरोप संपला की आम्ही एकमेकांना तसं करायचो. खोलीत ते आणखी कुणाला कळलं नाही. तो चौकट सोडून सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "बंगल्यावर साहेब उतरलेत, हुजूर. भात सडायला माणूस बघायला आलो होतो."

"मग बाजारात जा," फौजदार म्हणाला. तो गेला.

महालकऱ्यांनी लिहिलं की चोरी शाबीत होत नाही, पण बिल्ला याचाच आहे हेही शाबीत होत नाही. बिल्ला सरकारजमा करून पुण्याला पाठवावा. जामीन मोकळा. लढाईबद्दल कागदात दुरुस्ती करण्यास आधार नाही. मला ते वाचून दाखवलं आणि खाली माझी सही घेतली. सही करताना मी बिल्ल्याकडे पाहिलं नाही. तो टेबलावर दौतीशेजारी होता.

जामीन सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी घाट चढून पुण्याला गेलो. लढाईचं कुणी ऐकून घेतलं नाही. पण सिग्नलची शाळा तिथंच होती, साहेब नवे होते, तरी त्यांनी जुनी हजेरी काढून पाहिली आणि मी शिकून पास झाल्याचं कागदाच्या पाठीवर लिहून शिक्का मारून दिला. शाळेनंतर काय झालं ते त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यापुढे काही लिहिलं नाही. माझा कागद तेव्हापासून तसाच आहे. त्याच्याप्रमाणे मी निशाणाचं काम शिकलो आणि ते कुठंही केलं नाही.

रेल्वेला तेवढं पुरलं. मला ठाकूरवाडीकडच्या चढावर निशाणावर घेतलं आणि तिथंच माझी नोकरी झाली. बायको वर माझ्याबरोबर राहायला आली. भाऊ सणाला यायचा. तो मरेपर्यंत मी दवाखान्यात होतो असंच त्याच्या मनात राहिलं आणि मीही त्याच्याशी वाद घालायचं सोडलं. बरोबरचे रूळ सांभाळणारे गँगवाले आपापल्या गप्पा सांगायचे. कुणी मला पलटणीतलं विचारलं तर मी सांगायला लागायचो आणि मधेच थांबायचो. आपणच ऐकीव सांगतोय असं वाटायचं. सरकारनं नाही म्हटलेली गोष्ट तोंडानं सांगायला फार जोर लागतो, तो माझ्यात उरला नव्हता.

खानसाम्याशी मात्र बोलायचो. सुट्टी मिळाली की मी चौकला उतरायचो. कचेरीतल्या त्या दिवसाबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही. तो चहा करायचा, आणि आम्ही त्या टेकडीबद्दल बोलायचो, कुठला निरोप कुणी चुकवला, पाणी गोठलं तेव्हा काय केलं. त्याच्या मुलांना वाटायचं की बाप कुणाच्या तरी गोष्टी सांगतोय.

गेल्या हिवाळ्यात तो वारला. निरोप उशिरा मिळाला, मी पोचलो तोवर माती झाली होती. त्याच्या थोरल्या मुलानं मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "चाचा, तुमची आणि अब्बांची ओळख कुठली?"

मी म्हणालो, "सडकेवरची. जुनी ओळख आहे."